सुरक्षा ही ऐच्छिक वस्तू नव्हे

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार येते ती बहुधा अनेक वर्षांच्या बचतीनंतर. तिला हार घातला जातो, नारळ फोडला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात. प्रवास निर्विघ्न व्हावा, ही त्यामागची प्रार्थना. परंतु तीच गाडी पसंत करताना विचारले जाणारे प्रश्न कोणते असतात? लिटरमागे किती किलोमीटर धावते, रंग कोणते आहेत, सूट किती मिळेल! गाडी धडकली तर आतल्या माणसांचे काय होईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

उत्पादकांनी नेमका याच मौनाचा आधार घेतला. भारतीय ग्राहक सुरक्षेसाठी पैसे मोजत नाही, मग ती का द्यावी, असा युक्तिवाद या व्यवसायात वर्षानुवर्षे केला गेला. परिणामी एअरबॅग ही संगीतयंत्रणा आणि शोभिवंत चाकांच्या पंक्तीला जाऊन बसली. ज्याच्या खिशाला महागडी आवृत्ती परवडेल, त्यालाच ती मिळे. जणू स्वस्त गाडीतल्या माणसाचा जीवही स्वस्तच!

या युक्तिवादाची परीक्षा २०१४ साली झाली. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या प्राथमिक आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांपैकी तिघींचा सांगाडाच इतका कमकुवत ठरला की, केवळ एअरबॅग बसवून भागले नसते. उरलेल्या दोघींचा सांगाडा मात्र टिकून राहिला. त्यांतील एका गाडीच्या उत्पादकाने एअरबॅग नसलेली आवृत्ती बाजारातून काढून घेतली आणि दोन एअरबॅगांसह तीच गाडी चार ताऱ्यांपर्यंत पोहोचली. म्हणजे ज्ञान होते, तंत्र होते, कारखानाही होता. उणीव होती ती निर्णयाची.

पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटांची 'नेक्सॉन' ही याच चाचणीत पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय गाडी ठरली. तिचे उत्पादन पुण्याजवळच्या रांजणगावात होते. त्यानंतर हे तारे जाहिरातींत झळकू लागले आणि ग्राहकही त्याविषयी विचारू लागले. ग्राहकाला सुरक्षा नको होती, असे नव्हे. ती मोजण्याचे मापच त्याच्या हाती नव्हते. जे दिसत नाही, ज्याची तुलना करता येत नाही, ते मागणार तरी कसे?

म्हणूनच पहिले दायित्व उत्पादकाचे ठरते, कारण जाणणारा तो आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेने निर्वाळा दिला. अपघातात एअरबॅग न उघडल्याने जखमी झालेल्या एका ग्राहकाला मिळालेली भरपाई न्यायालयाने कायम ठेवली. वेग आणि आघाताचे गणित मांडणारा पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ असणे ग्राहकाकडून अपेक्षित नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली. पुढे शेजारच्या आसनासाठीही झाली. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने सदोष गाड्या परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची चाचणी योजना सुरू झाली. मात्र ती ऐच्छिक आहे. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा प्रस्ताव आला, लांबला आणि अशी सक्ती होणार नसल्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. निर्यातीच्या गाड्यांना सहा एअरबॅगा बसविणाऱ्या कंपन्या देशातील ग्राहकासाठी मात्र खर्चाचा हिशेब मांडतात, अशी खंत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीच २०२२ मध्ये बोलून दाखविली होती. परदेशी ग्राहकाला एक न्याय आणि स्वदेशी ग्राहकाला दुसरा, हे स्वाभिमानी समाजाने का सोसावे?

तथापि, सारा दोष उत्पादकाच्या माथी मारून ग्राहकाची सुटका होत नाही. पट्टा न लावल्यास गाडीत इशाऱ्याचा आवाज होतो. तो बंद पाडणाऱ्या क्लिपा आपल्याकडे उघडपणे विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-व्यापार कंपन्यांना त्यांची विक्री थांबविण्यास सांगितले, तेव्हा १३ हजारांहून अधिक विक्रीनोंदी हटवाव्या लागल्या. एवढ्या क्लिपा मांडल्या गेल्या, त्या कोणी तरी घेत होते म्हणूनच ना? केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एकाच वर्षी पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांनी रस्त्यावर प्राण गमावले. त्यांत जवळपास निम्मे प्रवासी होते, चालक नव्हे. ३ जून २०१४ रोजी महाराष्ट्राने गोपीनाथ मुंडे यांना गमावले, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणारा सुरक्षितच असतो, हा समज किती घातक आहे, हे यावरून उमगावे. एअरबॅग हा पट्ट्याचा पूरक आहे, पर्याय नव्हे.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. १२ वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. संघटित ग्राहक काय करू शकतो, याचे ते उदाहरण आहे. तेच जागरण आता गाड्यांच्या विक्रीदालनात पोहोचले पाहिजे. गाडी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. या गाडीला किती तारे आहेत? ते नेमक्या याच आवृत्तीचे आहेत का? सांगाडा चाचणीत स्थिर ठरला का? लहान मुलांच्या संरक्षणाचे गुण किती? उत्तर लेखी मागावे. ते मिळाले नाही, तर दुसऱ्या दालनाची पायरी चढावी. कार्यकर्त्यांनी हे प्रश्न आपापल्या वस्तीत, सोसायटीत, नातेवाइकांत पोहोचवावेत.

आणि एक पथ्य घरापासूनच पाळावे. आजीपासून नातवापर्यंत सर्वांचे पट्टे लागल्याखेरीज गाडी सुरू करू नये. ज्या समाजाचा ग्राहक स्वतःच्या जिवाबाबत जागरूक असतो, त्या समाजात उत्पादकालाही आपल्या दायित्वाकडे पाठ फिरविता येत नाही.