लयीची रुजुवात



गायक एका गावी, तबलजी दुसऱ्या गावी आणि हार्मोनियमवादक तिसऱ्याच दिवशी, अशा रीतीने तिघांची स्वतंत्र ध्वनिमुद्रणे करून त्यांतून एक गाणे सिद्ध करण्याची सोय आता मध्यम प्रतीच्या संगणकावर घरबसल्या उपलब्ध झाली आहे. आणि या सोयीमागोमाग एक तक्रारही घरोघर ऐकू येऊ लागली आहे, ती अशी की, प्रत्येकाने आपले काम चोख बजावूनही तिन्ही ट्रॅक एकत्र वाजवले म्हणजे सम एका जागी पडत नाही. अशा वेळी पहिला आरोप बहुधा तबलजीवर येतो, आणि त्याची कैफियत ऐकण्यापूर्वीच त्याच्या ट्रॅकवर कात्री चालू लागते. माझे सांगणे इतकेच आहे की, शिक्षेपूर्वी चौकशी व्हावी. कारण लयीतील तफावत तीन जातींची असते आणि तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत.

चौकशीची रीत सोपी आहे. गाण्याच्या आरंभीची एक सम, मध्यावरची एक आणि अखेरची एक, अशा तीन ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर ध्वनीचा आलेख मोठा करून दोन ट्रॅकांतील अंतर मोजावे. ते तिन्ही ठिकाणी सारखेच भरले, तर तो विलंबाचा दोष. ते उत्तरोत्तर वाढत गेले, तर दोन यंत्रांच्या घड्याळांतील विसंवाद. आणि त्याला काही नियमच नसेल, कोठे पुढे तर कोठे मागे असेल, तर तेथे यंत्र निर्दोष असून कारण माणसाच्या हाताशी आहे.

यांपैकी पहिला दोष जुना आहे. फितीवर ध्वनिमुद्रण होत असे त्या काळी मुद्रण करणारे शीर्ष आणि ऐकवणारे शीर्ष यांत काही अंतर असे. ते दीड इंच धरले आणि फीत सेकंदाला १५ इंच धावते असे मानले, तर आधीचे वादन ऐकत ऐकत केलेले नवे वादन फितीवर एक दशांश सेकंद मागे उमटणार हे उघड आहे. अॅम्पेक्स कंपनीने त्यावर अशी तजवीज केली की, जुने ट्रॅकही मुद्रणशीर्षावरूनच ऐकवावेत, म्हणजे अंतराचा प्रश्नच उरत नाही. आणि १९५७ साली त्या कंपनीचे आठ ट्रॅकांचे यंत्र अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्या न्यू जर्सीतील घरी दाखल झाले. सारांश, घरगुती बहुट्रॅक मुद्रण आणि विलंबाचा बंदोबस्त यांची सांगड पहिल्यापासूनचीच आहे.

आज फितीची जागा बफरने घेतली आहे. संगणक ध्वनी एकेक नमुन्याने न हाताळता गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे २३ मिलीसेकंद, आणि तो जाताना एकदा व येताना एकदा मोजावा लागतो. त्यात वादकाने ब्लूटूथ हेडफोन कानाला लावले असतील, तर विलंब सहज शंभर मिलीसेकंदांच्या पुढे जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत वाजणाऱ्या केरव्याची एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, आणि तिच्यात चार अक्षरे बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला १२५ मिलीसेकंद येतात; म्हणजे विलंब इतका झाला की, लग्गीतले एक अख्खे अक्षर घसरलेच म्हणून समजावे.

यावरचा उपाय अंदाजाचा नसून मोजणीचा आहे. तारेचे हेडफोन वापरावेत हे तर झालेच. पण त्याशिवाय ऑडिओ इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या छिद्रातून आत येणाऱ्या छिद्रात एक केबल जोडावी, एक टिचकीसारखा आवाज वाजवून तो दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावा, दोन टिचक्यांतील अंतर मोजावे आणि तो आकडा सॉफ्टवेअरच्या विलंबभरपाईच्या रकान्यात भरावा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रकान्यात मुळातच उणे १३० मिलीसेकंद घातलेले असतात. हा सर्वसाधारण अंदाज आपल्या यंत्रास लागू पडेलच असे नाही. आकडा भरल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. अंतर नाहीसे न होता दुप्पट झाले, तर अधिक-उणे चिन्हाची अदलाबदल झाली आहे असे समजावे. परगावच्या वादकाला साथीसाठी गाणे पाठवताना ते एमपी३ करून न पाठवता वेव्ह स्वरूपातच पाठवावे. कारण एमपी३ करताना आरंभी काही मिलीसेकंदांच्या निःशब्दतेची भर पडते, आणि तिचा जाब पुढे विनाकारण वादकाला द्यावा लागतो.

दुसऱ्या जातीचा दोष उद्भवतो तो गायकाने संगणकावर आणि साथीदाराने मोबाइलवर स्वतंत्रपणे मुद्रण केले असता. दोन यंत्रांच्या घड्याळांत लाखात पाचाचा फरक असला, तर पाच मिनिटांच्या भावगीतात तो अवघा १५ मिलीसेकंद भरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु तासाभराच्या मैफलीत तोच १८० मिलीसेकंदांवर जातो. येथे ट्रॅक मागेपुढे सरकवून भागत नाही, आरंभीची सम जुळवली की अखेरची सुटते. म्हणून आरंभी आणि अखेरीस एकेक टाळी दोन्ही यंत्रांवर मुद्रित करून घ्यावी आणि त्या दोन टाळ्यांमधील अवधी सारखा होईल इतकाच एक ट्रॅक ताणावा अथवा आखडावा. याहून ठळक प्रकार म्हणजे ४८,००० नमुन्यांनी केलेले मुद्रण ४४,१०० चे समजून वाजवणे: चार मिनिटांचे गाणे तेव्हा चार मिनिटे एकवीस सेकंदांचे होते आणि काळी एकमध्ये गायलेला षड्ज पांढरी एक व तिच्याखालची पांढरी सात यांच्या मधोमध कोठेतरी उतरतो. तेथे ताणाताण न करता नमुन्यांचा आकडाच दुरुस्त करावा.

राहिली तिसरी जात. येथे सॉफ्टवेअर आपणांस मोठ्या अगत्याने सुचवते की, प्रत्येक आघात समान अंतराच्या रेषांवर नेऊन बसवावा. ही सूचना सरसकट मानू नये. ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे तीन मिलीसेकंद लागतात, म्हणजे रंगमंचावर तीन मीटरांवर बसलेल्या साथीदाराचा तबला गायकाच्या कानी नऊ मिलीसेकंद उशिराच पोहोचतो, आणि त्याबद्दल कोणी कधी फिर्याद केलेली नाही. शिवाय अंतऱ्याहून मुखड्यावर येताना गायक शब्द किंचित रेंगाळत ठेवतो आणि तबलजी त्याला जागा देऊन समेवर भेटतो. हे देणेघेणे रेषेवर बसवले, तर गाण्यातले गाणेच निघून जाते. म्हणून पडदा झाकून गाणे ऐकावे, कानाला जे खटकेल तेवढेच सरकवावे, आणि एकाच आवर्तनात बरेच काही सरकवण्याची पाळी आली, तर ते आवर्तन वादकाकडून पुन्हा वाजवून घ्यावे. त्यात वेळही कमी जातो.

तेव्हा यंत्राचा दोष मोजून निर्दयपणे काढावा आणि माणसाचा ऐकून ठरवावा. मूळ मुद्रणाची एक प्रत मात्र कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी वेगळी काढून ठेवावी. कारण निकाल चुकला, तर अपील करण्यासाठी मूळ दप्तर शाबूत असावे लागते.