वजन लिहिलं, वाढ कुठे लिहायची?



अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर या पट्ट्यातल्या माणसाला मोजमाप शिकवायला नको. उसाचे टन काट्यावर कळतात, पण साखर किती निघाली ते उताऱ्यावरच ठरतं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आपण काट्यापाशीच थांबलो आहोत. अंगणवाडीत वजन होतं, उंची मोजली जाते. पण ज्याला ऐकू कमी येतं, ज्याचे हातपाय ताठ आहेत, जे हाक मारली तरी वळून बघत नाही, अशा तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं गेल्या सहा महिन्यांत काय पुढे सरकलं, हे विचारलं तर "बरं आहे आता" एवढंच उत्तर मिळतं.

अशी मुलं शोधण्याची सोय आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन तपासणी करायची असते, आणि तिच्यात विकासातला विलंबही येतो. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत सामावून घेण्याची कार्यपद्धती केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. चांगलंच झालं. पण किती मुलं तपासली आणि किती पुढे पाठवली, हे आकडे पथकाच्या कामाचे झाले. मुलाच्या प्रगतीचे नव्हेत.

त्यात कायद्याची एक गंमत आहे, अर्थात हसू न येणारी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना. माता-बाल संरक्षण कार्डावरचे विकासाचे टप्पे तिसऱ्या वर्षाशी संपतात. मधली तीन वर्षं घरच्यांच्या आणि सेविकाताईंच्या भरवशावर. नेमकी याच वयात आजी म्हणते, "बोलेल गं, त्याचा बापसुद्धा उशिराच बोलला."

मोजण्याची साधनं मात्र जुनी आहेत आणि आपलीच आहेत. बडोद्याला डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या विकासाची मोजपट्टी तयार केली. हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ पायऱ्या, जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत. पुढच्या वयासाठी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पडताळासूची विशेष शिक्षक वापरतात. तिची खुबी अशी, की "येतं" आणि "येत नाही" यांच्या मधल्या जागाही ती दाखवते. खूण केल्यावर करतं का, तोंडी सांगितल्यावर करतं का, की हात धरूनच करवून घ्यावं लागतं?

समजा, चार वर्षांची एक मुलगी खिचडी खाते आहे. वहीत "जेवणात सुधारणा" असं लिहिलं तर कुणाला काही कळणार नाही. त्याऐवजी लिहा: जूनमध्ये सगळे घास आईने भरवले, ऑगस्टमध्ये ताईंनी कोपराला आधार दिल्यावर चमचा तोंडापर्यंत गेला, ऑक्टोबरमध्ये पहिले दोन घास आधाराशिवाय, मग हात दमला. ही झाली नोंद. पुढच्या महिन्यात काय करायचं तेही तिच्यातच दिसतं: चमच्याची मूठ जाड करा, ताटली सरकू देऊ नका.

अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या अशा मुलांचं तीन बाबींत मोजमाप होतं: माणसांशी नातं, नवं शिकणं आणि आपली गरज स्वतः भागवणं. सेवा सुरू होताना आणि संपताना. बहुतेक राज्यांत त्यासाठी बरोबरीच्या मुलांच्या तुलनेत एक ते सात अशी श्रेणी आहे. मूल दोनवर होतं आणि दोनवरच राहिलं, तरी त्या काळात ते एखादी नवी गोष्ट शिकलं का, हा प्रश्न वेगळा विचारतात. मला हा प्रश्न त्या श्रेणीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बरोबरीची मुलंही पुढे जात असतात, म्हणून अंतर तेवढंच राहतं. मूल मात्र जागच्या जागी राहिलेलं नसतं. शेजारच्या मुलाशी तुलना करणाऱ्या आईबापाला हे कधी दिसत नाही.

आणि आपल्या भागाचा खास प्रश्न ऊसतोडणीचा. हंगामात टोळ्या येतात, मुलं कोपीवर येतात, पट्टा पडला की परत जातात. गावाकडची नोंद गावाकडे राहते, इथली इथे. इथल्या सेविकेला मूल पुन्हा पहिल्यापासून ओळखावं लागतं, आणि त्यात महिने जातात.

म्हणून सेविकाताईंना आणि पालकांना एक विनंती. दोनशे पानी वही घ्या. मुलाच्या तीनच गोष्टी निवडा: खाणं, सांगणं, दुसऱ्या मुलात मिसळणं. महिन्यातून एकदा, तारखेसह, किती मदत लागली ते लिहा. पथक आलं की तीच वही डॉक्टरांपुढे ठेवा. आणि ती वही कपाटात नको, आईच्या पिशवीत राहू द्या. टोळी हलली तर मुलाबरोबर वहीही जाईल.