सकाळची मूठ



हिवरखेडला परिषद भरते आणि आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, रुग्ण प्रश्नावलीतून कसे ओळखायचे, हा तिचा विषय ठरतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

अध्यक्ष म्हणून सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. खूप वर्षांपूर्वी ऐन कापूस वेचणीत एक बाई दवाखान्यात आल्या. बोटं दुखत होती. मी विचारलं, "सकाळी हात किती मिनिटं ताठरतात?" त्या म्हणाल्या, "काय मालूम, साहेब." वेचणीनं दुखत असेल, असं समजून मी गोळ्या देऊन त्यांना पाठवलं. दोन वर्षांनी आल्या तेव्हा बोटं करंगळीकडे कलली होती. सोबत सून होती. ती म्हणाली, "सडा होते, चहा होते, भाकरी होते, तरी यायची मूठ वयत नाही." म्हणजे तासाहून जास्त! उत्तर त्या घरात रोज सकाळी हजर होतं. माझा प्रश्न मिनिटांत अडकला होता.

या विषयातलं मोठं काम महाराष्ट्रातच झालं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 1981 मध्ये 'कॉपकॉर्ड' हा उपक्रम सुरू केला. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये तो उजनीच्या काठावरच्या भिगवणला नेला. कार्यकर्ते घरोघर गेले. प्रौढ होते 4,092. आधी साधे प्रश्न विचारले, शरीराच्या चित्रावर दुखऱ्या जागा खुणावून घेतल्या आणि दुखणं सांगणाऱ्यांना मग तज्ज्ञांनी तपासलं. हाडा-सांध्यांचं दुखणं 746 जणांना होतं, शेकडा 18. ठरलेल्या निकषांत बसणारा आमवात मात्र शेकडा अर्धा. त्या पहिल्या टप्प्यात यंत्रं नव्हती. प्रश्न होते आणि उंबऱ्यावर बसून ऐकणारी माणसं होती.

आपल्या घरात डाळ आधी चाळतात, मग निवडतात. प्रश्नावली ही चाळणी आहे, निवडणं नव्हे. हजार प्रौढांत आमवाताचे पाच धरा. निरोगी शंभरातले दहा जरी चाळणीत चुकून अडकले, तरी आपल्यापुढे शंभरावर माणसं येतील आणि खरे पाचच असतील. म्हणून कागदावरच्या गुणांवरून कुणाला आमवाताचा शिक्का मारू नका, आणि त्या शंभरांना कंटाळून चाळणीही टाकू नका.

रोगाचं नाव प्रश्नात घालूच नये, असं माझं ठाम मत आहे. "संधिवात आहे का?" विचारलं तर अर्धं गाव हो म्हणेल. 'वात' या शब्दात झिजलेला गुडघा येतो, धरलेली कंबर येते, 2006 च्या साथीतला चिकुनगुन्याही येतो. आमवात हा वेगळा रोग म्हणून माधवनिदानात कधीच नोंदला गेला, हे इथल्या वैद्यांना मी सांगायला नको. पण बोलीत सगळंच वात. त्यापेक्षा हातच पुढे करायला सांगा. बोटांची मुळं आणि मधली पेरं सुजली आहेत का? दोन्ही हातांची? सहा आठवड्यांहून जास्त? नखाजवळचं पेर बहुधा सुटतं. तेच एकटं गाठाळलं असेल तर झीज समजा.

औषधाचंही विचारा. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी कुणी दिली आहे का? उघड्या पुडीतली, एका दिवसात उतार देणारी गोळी घेता का? त्या पुडीत स्टेरॉइड असलं तर सूज झाकली जाते, आणि आपली प्रश्नावली फसते.

स्टॅनफर्डच्या डॉ. जेम्स फ्राइज यांची 1980 ची प्रश्नावली जगभर वापरतात. रुग्णाचं रोजचं जगणं किती अडलं, हे ती मोजते. तीत टबमधली आंघोळ आहे, दुधाचं कागदी खोकं उघडणं आहे. भारतीय रूपांतरात उकिडवं बसणं, मांडी घालणं आलं. चांगलंच झालं. पण वऱ्हाडातल्या बाईला विचारायचं तर पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस ओढता येतो का, पिळा घालून लुगडं पिळता येतं का, नाडीची गाठ सुटते का, हे विचारलं पाहिजे. आणि घड्याळाऐवजी सडा, चहा, भाकरी.

घाई एवढ्यासाठी की सांध्याची मोडतोड पहिल्या दोन वर्षांतच जोरात होते, आणि औषधं लवकर सुरू झाली तर ती बरीचशी रोखता येते. कापूस वेचणाऱ्या त्या बाई आज माझ्याकडेच औषध घेतात. सूज नाही. बोटं मात्र सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत.

आशाताई, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं आरोग्याचं पत्रक तुम्हीच भरता. सकाळच्या मुठीचा एक प्रश्न त्यात जोडावा, अशी मागणी या परिषदेनं शासनाकडे करावी, असं मी सुचवतो. तो प्रश्न आज इथेच घडवू. तुमच्या खुर्चीवर एक कोरा कागद आहे. सकाळी हात धरतात, त्याला तुमच्या गावातल्या बाया कोणता शब्द वापरतात, तेवढा त्यावर लिहा. खाली गावाचं नाव. जेवणाआधी मी कागद गोळा करायला येतो.