आबा, हे वाचा

(उत्सवातील ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)





सत्तरी ओलांडलेला माणूस जपानी चित्रकथांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतली मुले हसली. हसू द्या. माझी सारी नोकरी गुडगावच्या कारखान्यात जपानी सहकाऱ्यांबरोबर झाली. त्यांच्याकडून काइझेन शिकलो, वक्तशीरपणा शिकलो. त्यांच्या मंगाकडे, म्हणजे चित्रकथांकडे, मात्र कधी वळलो नाही. घरीही ॲनिमेला मज्जाव होता. त्याला कारण होते. दिल्लीत मूल शाळेत इंग्रजी बोलते, खाली खेळायला गेले की हिंदी. उरलेली संध्याकाळ डोरेमॉन आणि शिनचॅनने हिंदीतून घेतली, तर मराठी बोलणार कधी? ही काळजी मला आजही रास्त वाटते.

गंमत अशी की जपानी चित्रे आपल्या घरात केव्हाच येऊन बसली होती. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्याच्यासाठी मुले लवकर आंघोळ करून बसत, तो मोगली जपानमध्ये काढलेला होता. त्याच वर्षी जानेवारीत, आपल्या दिल्लीतच, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात युगो साको आणि आपले राम मोहन यांचा रामायणावरचा चित्रपट दाखवला गेला. सर्वत्र चित्रगृहांत तो यायला २०२५ साल उजाडले.

माझा विरोध मावळला तो एका पुस्तकामुळे. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. घरात मी, मुलगा-सून आणि चौदा वर्षांचा नातू. आजीचे नाव कोणी काढत नसे. एके दिवशी नातवाने एक जाड पुस्तक माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "आबा, हे वाचा."

ते केइजी नाकाझावा यांचे 'बेअरफूट गेन', म्हणजे अनवाणी गेन. (तोमोको किकुची यांनी ते हिंदीतही आणले आहे.) ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. पुढे ते टोकियोत चित्रकथा काढू लागले, पण बाँबविषयी बोलणे टाळत. १९६६ मध्ये आई वारली. जपानमध्ये दहनानंतर घरचे लोक अस्थी वेचतात. त्यांच्या आईच्या अस्थी मिळाल्याच नाहीत, नुसती राख उरली होती. किरणोत्सर्गाने आईची हाडेसुद्धा नेली, या संतापाने त्यांनी बाँबवर चित्रे काढायला घेतली. १९७३ पासून 'गेन' मुलांच्या साप्ताहिकात येऊ लागले.

आईच्या आठवणींतून पुस्तक होणे आपल्याला नवे नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. चित्रांतूनही तेवढेच सांगता येते, हे मला नवे होते.

त्या रात्री नातवाने विचारले, "आबा, आजीच्या अस्थी मिळाल्या होत्या?" मग मी त्याला निगमबोध घाटावर त्या कशा वेचल्या, गढमुक्तेश्वरला गंगेत कशा सोडल्या, सगळे सांगितले. दोन तास बोलत होतो. सगळे मराठीत.

आता आम्ही दोघे मिळून पाहतो. ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आणि मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' हे चित्रपट १९८८ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये एकाच खेळात दाखवले गेले. एकात युद्धात पोरकी झालेली भावंडे, दुसऱ्यात आजारी आईची वाट पाहणाऱ्या बहिणी. पहिला पाहून मला रात्रभर झोप आली नाही. लहानग्यांना तो दाखवू नये. सगळेच ॲनिमे मुलांसाठी नसते, निवड मोठ्यांनी करावी. आणि निवड करायची तर आधी पाहावे लागते.

म्हणून ज्येष्ठांना एवढीच विनंती. नातवंडे जे पाहतात त्यातले एक तरी त्यांच्या शेजारी बसून पाहा आणि नंतर त्यावर मराठीत गप्पा मारा. आणि बालगोपाळहो, "आजोबांना नाही कळणार" असे म्हणू नका. पुस्तक पुढे करा.

गणपती बाप्पा मोरया!