दुसरं दार



अरब देश आणि पाश्चात्त्य सत्ता यांच्याविषयी बोलायचं म्हणजे तेलाच्या विहिरीपासून सुरुवात करायची, असा प्रघात पडला आहे. मी मात्र हैदराबादेतल्या मूसाराम बागेपासून सुरुवात करतो. मेट्रोनं जाताना त्या नावाचं स्टेशन लागतं. तिथून जवळच आसमानगडाच्या टेकडीवर एका फ्रेंच सेनानीची कबर आहे. काळ्या दगडाचा उंच स्तंभ आणि त्यावर त्याच्या नावाची आद्याक्षरं. हा रेमाँ, निजाम अलीच्या कवायती फौजेचा सरदार.

खर्ड्याच्या लढाईत १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं, हे आपण शाळेत शिकतो. त्या वेळी इंग्रज मदतीला आले नाहीत म्हणून निजामानं रेमाँची फौज वाढवली, हा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तिन्ही बाजूंनी प्रबळ शेजारी असलेल्या दरबाराला दोन युरोपीय सत्ता हाताशी असणं हीच मोठी सोय होती. मार्च १७९८ मध्ये रेमाँ वारला. सप्टेंबरात तैनाती फौजेचा तह झाला आणि ऑक्टोबरात ती फ्रेंच फौज इंग्रजांनी निःशस्त्र करून मोडून टाकली. त्यानंतर दीडशे वर्षं हैदराबादला ठोठावायला दुसरं दारच राहिलं नाही.

याची किंमत काय पडते, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ती किंमत वऱ्हाडानं मोजली. इंग्रजांनी हैदराबादेत ‘कंटिंजंट’ नावाची फौज उभी केली. तिच्या छावण्या हिंगोली, जालना, औरंगाबाद, बोलारम इथं. अधिकारी इंग्रजांचे, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज झालं आणि १८५३ साली डलहौसीनं त्या कर्जापोटी वऱ्हाड, धाराशिवचा मुलूख आणि रायचूर दुआब मागून घेतला. पुढे १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही, कारण वऱ्हाडात कापूस होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि अमरावती-खामगावचे बाजार जगाच्या नकाशावर आले. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग यानं वऱ्हाड परत मिळावं म्हणून आयुष्यभर अर्ज-विनंत्या केल्या, १८७६ साली तो विलायतेपर्यंत जाऊन आला. काही झालं नाही. शेवटी १९०२ साली लॉर्ड कर्झननं निजाम महबूब अलीखानाकडून वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं. मालकी निजामाची, ताबा इंग्रजांचा.

आता तारखेकडे लक्ष द्या. वऱ्हाडचा करार नोव्हेंबर १९०२चा. बरोबर एका वर्षानं, नोव्हेंबर १९०३ मध्ये, हाच कर्झन इराणच्या आखातात होता. शारजाच्या किनाऱ्याजवळ आगबोटीवर त्यानं दरबार भरवला आणि आज ज्यांना आपण अमिरात म्हणतो त्या किनाऱ्यावरच्या शेखांना समोर बसवून जुन्या तहांची आठवण करून दिली. कराराची रीत तीच होती. शेखानं आपल्या गादीवर राहावं, बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी परस्पर बोलू नये, इंग्रज त्याचं रक्षण करतील. आखातातला इंग्रजांचा रेसिडेंट बुशहरला बसे आणि तो हिंदुस्थान सरकारचा नोकर असे. चलनात रुपया चाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, इतका तो रुपया तिथं रुजला होता.

तेलाचा नंबर यानंतर लागतो. कुवेतच्या शेखाकडून १९१३ साली, बहारीनच्या शेखाकडून १९१४ साली आणि अमिरातींच्या किनाऱ्यावरच्या शेखांकडून १९२२ साली इंग्रजांनी लिहून घेतलं की जमिनीत तेल निघालं तर आमच्या संमतीशिवाय ते कोणाला द्यायचं नाही. बहारीनमध्ये तेल लागलं १९३२ साली, कुवेतमध्ये १९३८ साली. म्हणजे विहीर खणण्याच्या कितीतरी आधी तिचं तोंड कोणाकडे असणार हे ठरून गेलं होतं. हे नातं तेलामुळे जन्मलं, असं म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद इथंच आहे.

या सगळ्या कथेत हैदराबादची म्हणावीत अशी माणसं होती आणि ती स्वतः अरब होती. येमेनच्या पूर्व भागात हद्रमौत नावाचा कोरडा, दऱ्याखोऱ्यांचा प्रदेश आहे. तिथले तरुण पोटासाठी बाहेर पडत. नागपूरच्या भोसल्यांच्या पदरी ते होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर शहर इंग्रजांना दिलं नाही ते या अरबांनी, काही दिवस. मालेगावच्या किल्ल्यात १८१८ साली शेवटपर्यंत लढले तेही अरबच. मराठी राज्यं बुडाली तसा त्यांचा ओघ हैदराबादेकडे वळला. चांद्रायणगुट्ट्याजवळचं बारकस म्हणजे निजामाच्या अरब पलटणींची वस्ती. मराठवाड्यात चाऊस आडनावाची जी घरं आहेत, त्यांचं मूळही तिकडचंच.

या अरबांचे जमादार पुढे बडे सावकार झाले. राज्याची तिजोरी रिकामी आणि जमादारांकडे रोकड, अशी स्थिती होती. त्यातल्या कुऐती घराण्यानं हैदराबादेत कमावलेला पैसा मायदेशी लावला. १८५८ साली शिबाम, १८६७ साली शिहर, १८८१ साली मुकल्ला बंदर. त्यांचे प्रतिस्पर्धी कथीरी आणि औलकी, तेही निजामाच्याच फौजेतले जमादार! तीन घराणी एका शहरात पगार घेत होती आणि समुद्रापलीकडे एकमेकांशी लढत होती. एडनच्या इंग्रज रेसिडेंटनं तक्रार केली की हैदराबादचा रेसिडेंट सालारजंगावर दबाव आणी. ही पत्रं कोठीच्या रेसिडेन्सीत येत-जात. निजामाच्या पैशानं बांधलेली ती इमारत, समोर रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना सिंह. आज तिथं मुलींचं विद्यापीठ आहे.

कुऐतींनी १८८८ साली इंग्रजांचं संरक्षण पत्करलं. जमादाराचा सुलतान झाला, पण हैदराबादची जमादारी त्यानं सोडली नाही. या घराण्याचे सुलतान बराच काळ हैदराबादेतच राहत. १९३७ साली मुकल्ल्यात हॅरल्ड इंग्रम्स हा इंग्रजांचा रेसिडेंट सल्लागार म्हणून बसला. धर्म आणि रूढी सोडून बाकी सर्व बाबतींत सुलतानानं त्याचा सल्ला मानायचा. कोठीची व्यवस्था मुकल्ल्यात जशीच्या तशी उभी राहिली.

पुढचं फार दुःखाचं आहे. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबादच्या अरब पलटणी मोडल्या, पुष्कळांना छावण्यांत ठेवलं, कित्येकांना परत धाडलं. तिकडे हद्रमौतमध्ये त्याच सुमारास दुष्काळ होता आणि हैदराबादचा पैसा आटलेला. मुकल्ल्याचा शेवटचा सुलतान गालिब १९६६ साली गादीवर आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. इंग्रज एडनमधून निघायच्या तयारीत होते. १७ सप्टेंबर १९६७ रोजी त्याचं राज्य क्रांतिकारकांनी घेतलं. मराठवाडा आणि हैदराबाद ज्या दिवशी निजामाच्या हातून गेले, तीच तारीख. संरक्षणाचा तह तेव्हाही कागदावर होता. कोणी आलं नाही. हद्रमौतमध्ये विकण्याजोगं तेल सापडलं १९९१ साली, एका कॅनडियन कंपनीला.

मग सौदीचा राजा टिकला आणि मुकल्ल्याचा बुडाला, असं का? नुसत्या तेलानं याचं उत्तर मिळत नाही. इब्न सौदनंही १९१५ साली हिंदुस्थान सरकारशी तसाच तह केला होता, इंग्रजांचा तनखाही घेतला होता. पण १९२७ साली त्यानं तो तह बदलून घेतला. हात मोकळे झाले. १९३३ साली तेलाची बोलणी निघाली तेव्हा एका बाजूला इंग्रजांचं वर्चस्व असलेली कंपनी होती आणि दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाची. त्याच्या पदरी सल्लागार होता सेंट जॉन फिल्बी, आपल्या पंजाबात आयसीएस म्हणून नोकरी केलेला. अमेरिकनांनी पस्तीस हजार सोन्याची नाणी देऊ केली. जेद्द्यातल्या डच पेढीत टेबलावर ती एकेक करून मोजली गेली. निजामाला १७९८ नंतर जे दार मिळालं नाही, ते इब्न सौदला त्या टेबलाशी मिळालं. पुढे १९५० साली नफ्याची निम्मी वाटणी, १९७३ साली तेलबंदी, १९८० पर्यंत सारी अरामको कंपनी सौदीची. ही पायरी-पायरीनं झालेली चढण आहे आणि प्रत्येक पायरीला सौदीकडे पर्याय शिल्लक होता.

आजही तेच पाहा. अमेरिकेचं आरमार बहारीनमध्ये आहे, मोठा हवाई तळ कतारमध्ये आहे. पण आखाताच्या तेलाची मोठी गिऱ्हाइकं आता चीन, भारत, जपान. मार्च २०२३ मध्ये सौदी आणि इराण यांचा समेट जाहीर झाला तो बीजिंगमध्ये. पहारा एकाचा आणि बाजार दुसऱ्याचा, ही सोय त्या राज्यकर्त्यांनी मोठ्या हुशारीनं सांभाळली आहे, आणि मला त्याबद्दल त्यांचं कौतुकच वाटतं.

ज्याच्याकडे हा पर्याय नाही तो आपला माणूस आहे. १९७३ नंतर भाव चढले तसे हैदराबाद, निजामाबाद, करीमनगरचे तरुण तिकडे गेले. आजोबा ज्या वाटेनं तलवार घेऊन आले, त्याच वाटेनं बारकसचे नातू सुताराची हत्यारं नाहीतर गाडीचं लायसन घेऊन गेले. १९९० साली इराकनं कुवेत घेतलं, पाश्चात्त्य फौजा उतरल्या आणि पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावं लागलं. वर्षांची कमाई तिथल्या बँकेत राहिली. युद्ध संपल्यावर यातले पुष्कळ पुन्हा गेले, कारण घरी तेवढा पगार नव्हता.

तिथं गेल्यावर कामगार कफीलच्या नावावर असतो. कफील म्हणजे त्याला बोलावून घेणारा मालक. त्याच्या मर्जीशिवाय नोकरी बदलता येत नसे, देश सोडता येत नसे, पासपोर्टही पुष्कळदा त्याच्याच कपाटात. एका शेखाला जे बंधन इंग्रजांनी घातलं होतं, एकाशीच बोलायचं, दुसऱ्याकडे जायचं नाही, ते आज एका मजुरावर घातलेलं आहे, आणि ज्यांनी ते बंधन कधीकाळी सोसलं त्यांनीच ते घातलं आहे. हे मला सर्वांत खटकतं. कतारनं २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली. सौदीनं २०२१ साली नियम सैल केले. पण सौदीच्या त्या सवलतीतून घरकाम करणाऱ्या बाया, घरचे ड्रायव्हर, माळी आणि मेंढपाळ वगळले गेले. आपल्या जुन्या शहरातून आणि तेलंगणाच्या खेड्यांतून जाणारे पुष्कळजण नेमके याच कामांवर जातात. दिल्ली आज आखाताचं मोठं गिऱ्हाईक आहे. तेलाच्या करारांची बोलणी होतील तेव्हा या चार कामांची नावं आपल्या बाजूनं टेबलावर ठेवली गेली पाहिजेत.