धान थांबते, घेणेकरी थांबत नाही
(सहकार सप्ताहानिमित्त बालाघाट येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सहकार सप्ताह १४ ते २० नोव्हेंबर या काळात साजरा होतो. वैनगंगेच्या खोऱ्यात हेच दिवस धान खळ्यावर येण्याचे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु दोन्हीकडच्या बांध्यांत पिकते ते धानच, आणि अडचणही एकच. रोवणीच्या वेळी हाती पैसा नसतो आणि कापणी होताच घेणेकरी दारात उभा राहतो.

ही अडचण नवी नव्हे. १९५१-५२ मधील पाहणीवर आधारलेल्या गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालात असे दिसून आले की, शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. कर्ज व विक्री यांची सांगड घालावी, अशी शिफारस समितीने केली. तिचे एक सदस्य डॉ. धनंजयराव गाडगीळ यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्येच सुरू झाला होता. ऊस तोडल्यावर थांबत नाही, म्हणून तेथे कारखान्याची निकड होती. धान थांबू शकते. पण घेणेकरी थांबत नाही. म्हणून येथे आधी हवे गोदाम, आणि त्यात ठेवलेल्या धानाच्या तारणावर कर्ज.

आपल्या चिन्नोरचेच उदाहरण घ्या. या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु हे वाण उशिरा तयार होते व उतारा कमी देते. हमीभावात धानाच्या दोनच प्रती आहेत, साधारण आणि ‘अ’ श्रेणी. सुवासाला तेथे वेगळा भाव नाही. खरेदी केंद्रावर चिन्नोर इतर धानाच्याच रांगेत उभा राहतो. मग शेतकऱ्याने तो का पेरावा?

एकट्याच्या दहा पोत्यांसाठी गिरणी वेगळी चालत नाही. दोनशे शेतकऱ्यांच्या धानासाठी चालू शकते. शुद्ध बियाणे, वेगळी साठवण, वेगळी भरडाई आणि मानांकनासह विक्री ही कामे एकट्याच्या आवाक्यातील नाहीत. ती संस्थेची आहेत. मानांकन हा केवळ कागद आहे. त्याचा भाव संस्थेनेच मिळवावयाचा आहे.

संस्था ही केवळ कर्जाची खिडकी आणि खताचे दुकान होऊन बसली असेल, तर दोष पदाधिकाऱ्यांइतकाच वार्षिक सभेला न जाणाऱ्या सभासदांचाही आहे. चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्या भगिनींपैकी किती जणींची नावे सभासद-पटावर आहेत, तेही आपण पाहावे.

यंदा धान विकण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या संस्थेत एक प्रश्न अवश्य विचारावा: माझे धान दोन महिने ठेवण्याची आणि त्यावर उचल देण्याची सोय आहे काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर येत्या वार्षिक सभेचा पहिला विषय तोच असावा.

जय सहकार!