एकच संयुग, तीन रूपे : सौर घटाचे अर्थकारण



रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियम यांचे खनिज आढळते. त्यापासून मिळणारा टायटॅनियम डायऑक्साइड पांढऱ्या रंगात, कागदात आणि प्लास्टिकमध्ये वापरला जातो. रंजक-संवेदित सौर घटाचा कणाही हाच पदार्थ आहे. ॲनाटेज, रूटाइल आणि ब्रुकाइट ही त्याची निसर्गात आढळणारी तीन स्फटिकरूपे होत. सूत्र एकच, परंतु अणूंची मांडणी भिन्न.

या घटाचे कार्यक्षम स्वरूप ब्रायन ओरेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी 1991 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथून जगापुढे मांडले. यात प्रकाश शोषण्याचे काम रंजक करतो. त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थरातून वाहून नेले जातात. सुमारे 20 नॅनोमीटरच्या ॲनाटेज कणांचा पृष्ठभाग विपुल असल्याने त्यावर अधिक रंजक बसतो. अमेरिकेत 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत रूटाइलच्या घटाचा विद्युतप्रवाह सुमारे 30 टक्के कमी आढळला. तेथे पृष्ठभाग, आणि म्हणून रंजकही, कमी होता. कणांची परस्पर जोडणी सैल असल्याने इलेक्ट्रॉनांची वाटचालही मंदावली होती. तथापि रूटाइल निरुपयोगी नाही. ते अधिक स्थिर असून त्याचा अपवर्तनांक मोठा आहे. त्यामुळे ते प्रकाश उत्तम विखुरते. ॲनाटेज मात्र अतिउष्णतेने रूटाइलमध्ये बदलते. म्हणून थर साधारणपणे 450 ते 500 अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात.

आता अर्थशास्त्राचा प्रश्न. केरळमध्ये तिरुवनंतपुरमचा सार्वजनिक कारखाना ॲनाटेज, तर चवरा येथील कारखाना रूटाइल रंगद्रव्यासाठी ओळखला जातो. परंतु रंगद्रव्याचे कण शेकडो नॅनोमीटरचे असतात. ते सौर घटाला जसेच्या तसे चालत नाहीत. खनिज आहे, कारखाने आहेत. उणीव आहे ती सूक्ष्म कण घडविण्याच्या औद्योगिक कौशल्याची. खरे मूल्यवर्धन तेथेच होते.

स्पर्धाही कठीण आहे. प्रयोगशाळेत या घटाची कार्यक्षमता सुमारे 15 टक्क्यांपर्यंत पोहोचली आहे, तर बाजारातील सिलिकॉन पॅनेल 20 टक्क्यांपुढे गेली आहेत. त्यामुळे मंद प्रकाशात, घरातील छोट्या उपकरणांना वीज पुरविणे हेच त्याचे संभाव्य क्षेत्र ठरते.

साधनसंपत्ती म्हणजे समृद्धी नव्हे. वाळू विकणारा देश आणि त्याच वाळूतील अणूंची मांडणी विकणारा देश यांच्या उत्पन्नातील अंतर हे ज्ञानाचे अंतर असते.